पाच सेकंदांचे गमबूट

२२ सप्टेंबर, रविवार

पहिल्या पानावर नाव लिहायचे असते म्हणून लिहितो. जीवनलाल टेंभरे, राहणार केशोरीजवळ, शिक्षण सातवीपर्यंत. ही डायरी भैयाजीने त्याच्या कृषी केंद्रातून गेल्या दिवाळीला दिली होती. तशीच कोरी पडून होती. वर्ष संपत आले, पण कागद काही शिळा होत नाही.

लिहिण्याचे कारण माझी नात सोनिका. ती केंद्राच्या पोलीस दलात जवान आहे आणि सध्या मध्य प्रदेशात कसल्याशा नव्या कोर्सला गेली आहे. तिथे त्यांना रविवारी अर्धा तास फोन देतात. आज म्हणाली, "आबाजी, तुमी एकच गोष्ट धा डाव इचारता. जेवली काय, जेवली काय. अर्धा तास त्याच्यातच जाते. मनात आलं का लिहून ठेवत जा, न रविवारी एकच डाव इचारा."

बरे. लिहितो. जेवली काय.

२५ सप्टेंबर

धान निसवू लागला, लोंब्या बाहेर आल्या आणि रानडुकरे आली. धनेंद्रने, म्हणजे माझ्या मुलाने, सोनिकाच्या बापाने, यंदा धानाच्या बांधीभोवती तार ओढून झटका मशीन बसवले. उन्हावर चालते. एका डब्यातून टक, टक, टक असा आवाज येत राहतो. प्रत्येक टकाला तारेतून एक झटका जातो. डुक्कर नाक लावते आणि किंचाळत पळते.

मला ते मशीन अजिबात आवडत नाही. मी दहा हात लांबून जातो. धनेंद्र मात्र रोज संध्याकाळी गवताची लांब हिरवी काडी घेतो आणि तारेला टेकवतो. काडीतून बारीक मुंग्या आल्या म्हणजे करंट बरोबर आहे. परवा काडी आखूड निघाली. अनवाणी होता. असा उडाला की मीच दोन पावले मागे सरलो. नंतर गमबूट घालून आला, तोच हात तारेला लावला आणि माझ्याकडे बघून हसला. काही झाले नाही.

बापाला घाबरवण्यात या पोराला काय मजा वाटते कळत नाही. पन्नाशीला आला.

२९ सप्टेंबर, रविवार

सोनिकाचा फोन आला. म्हणाली, "आबाजी, एक सांगायचं आहे. आधी बसा."

"बसलोच आहो."

"मंग टेकून बसा."

टेकलो.

"आमाले नवीन बंदूक शिकवून राहिले. स्टन गन म्हनतेत. गोळी नाही सुटत त्याच्यातून. दोन बारीक काटे सुटतेत, मागं तार. मानसाले लागले का अंगात करंट जाते न मानूस खाली पडते. मरत नाही."

मी म्हटले, चांगले आहे, चोर पकडायला बरी.

"हो. पन ज्याले ते चालवायची, त्यानं आधी तो झटका सोता घ्यायचा."

ती पलीकडून हॅलो हॅलो करत राहिली. मग विचारले, "कायले?"

"जे दुसऱ्याले देतो ते आपल्याले मालूम पाह्यजे म्हनून. काटे नाही मारत, पाठीले तारा चिकटवतेत. पाच सेकंद फक्त. आधी डॉक्टर छातीची पट्टी, ईसीजी, काढते. पडून तोंड फुटू नये म्हनून दोघं दोन्ही बाजूनं धरतेत. ते दोघं आपले आपन निवडायचे. मी रीना न रत्नपाल सांगितले."

"रत्नपाल कोन?"

"हाये एक. आपल्याच जिल्ह्यातला. नवेगावबांधाकडचा."

"पोरगा कायले? दुसरी पोरगी नाही भेटली?"

"रीना ठेंगनी हाये आबाजी. एका बाजूनं उंच मानूस लागते."

हे मला पटले. पण बाकीचे पटले नाही. मी विचारले, नाही घेतला झटका तर?

"जबरदस्ती नाही. पन मंग बंदूक हातात भेटत नाही. परत जुन्या कंपनीत. मले तर इथं उस्ताद व्हायचं हाये, दुसऱ्यायले शिकवायचं हाये." शिकवणाऱ्याला तिथे उस्ताद म्हणतात. मग म्हणाली, "आबाजी, भरतीले गेली होती तेव्हा तुमालेच इचारून गेली होती. आताही तुमी नाही म्हनाल तर नाही घेत. पुढच्या रविवारी सांगा."

झाले. आता सगळे माझ्यावर.

जेवली काय हे विचारायचे राहून गेले.

३० सप्टेंबर

धनवंताला, म्हणजे माझ्या घरच्या बाईला, सगळे सांगितले. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मंग हो म्हना."

"अन् काही झालं तर?"

"काही होत असतं तर सरकारनं आपल्याच मानसायले दिलं असतं काय?" थोड्या वेळाने म्हणाली, "उंच हाये म्हने काय तो पोरगा?"

बायकांना कोणत्या वेळी काय सुचते! इथे माझा जीव टांगणीला आणि ही उंची मोजते.

प्रतापगडच्या महादेवाला नारळ बोललो. तिथेच वर दर्गा आहे, तिथे चादर बोललो. एकाचे लक्ष नसले तर दुसऱ्याचे असेल.

१ ऑक्टोबर

सून रविताने मोबाइलवर वाचून दाखवले. झटका लागला की अंगातले सगळे स्नायू एकदम आवळतात. माणूस लाकडासारखा ताठ होतो. शुद्ध जात नाही, सगळे कळत असते, पण हात हलव म्हटले तर हात हलत नाही. पाच सेकंद संपले की सगळे परत जागेवर. छातीचा आजार असेल तर घेऊ नये. इथे मी तिला थांबवले. म्हटले, पुढचे नको.

"मामंजी, सोनिकाले आजार नाही ना कोनता. धा-धा किलोमीटर पळते ते."

हे खरे आहे. ती भरतीसाठी पळायची तेव्हा मी केशोरीच्या रस्त्याने सायकलवर मागे असायचो. पहिला महिना मी पुढे होतो. नंतर ती एवढी पुढे जायची की मला वाटायचे, पोरगी हरवली.

२ ऑक्टोबर

केशोरीला जाऊन भैयाजीला गाठले. गावातली अर्धी झटका मशीने त्यानेच विकली आहेत, करंटचे त्याला कळते.

"मारत नाही ते, जीवनलाल भाऊ," तो म्हणाला. "मशीनीचा करंट येते न जाते, येते न जाते. घराची लाइन मानसाले धरून ठेवते, म्हनून मानूस मरते. तारेले घराची लाइन जोडली तर सीधा जेल."

"पन झटका लागते कसा? अंगातून जाते कुठं तो?"

"पायातून जमिनीत. जमीन नाही भेटली तर जाईन कुठं? म्हनून तर तुमचा धनेंद्र गमबूट घालून तार बांधते."

भैयाजीच्या दुकानात, खताच्या पोत्यांच्या वर, छताला दोरीने गमबूट लटकवलेले होते. माझी नजर तिथे गेली आणि मला घामच फुटला, पण आनंदाचा. एवढी मोठी सरकारी बंदूक, एवढे उस्ताद, आणि साधी गोष्ट कोणाला सुचली नाही.

घरी येऊन सोनिकाच्या जुन्या चपलेचे माप सुतळीने घेतले. उद्या परत केशोरी.

४ ऑक्टोबर

काळे गमबूट, पिवळा तळवा. पुरुषांचेच मिळतात, त्यामुळे दोन बोटे मोठे झाले. पुढे जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबल्या.

पोस्टातल्या बाईने विचारले, "आत काय आहे?"

मी म्हटले, "संरक्षण साहित्य."

तिने चष्म्यावरून पाहिले आणि पार्सल उघडायला लावले. मागे रांगेत चार माणसे. गमबूट बघून एक जण म्हणाला, "बुढा सीमेवर धानाची रोवनी करून राहिला वाटते." सगळे हसले. हसू देत.

६ ऑक्टोबर, रविवार

सोनिकाला हो म्हटले.

अट घातली की गमबूट पोचल्याशिवाय झटका घ्यायचा नाही आणि गमबूट घातल्याशिवाय तर नाहीच नाही. तिला सगळे समजावून सांगितले. करंट, पाय, जमीन. फोन कटला असे वाटले.

"हाये ना?"

"हाये आबाजी." आवाज विचित्र येत होता, जणू तोंडात कापड धरले आहे. मागून कोणीतरी पुरुष हसत होता. "घालीन. शप्पथ."

"उस्तादले सांगू नको. चिडन ते."

"नाही सांगत."

मागून तोच माणूस म्हणाला, आबाजीले नमस्कार सांग. मी विचारले कोण. म्हणाली, रत्नपाल. हा रत्नपाल तिथे फोनची व्यवस्था बघतो वाटते.

१२ ऑक्टोबर, दसरा

सोने वाटले. रविताने पुऱ्या केल्या. गमबूट पोचल्याचा पोस्टाचा मेसेज आला. दोन पुऱ्या जास्त खाल्ल्या आणि पोट बिघडले.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

आज.

सोनिकाने रविवारी सांगितले होते की आज सकाळी दहाच्या सुमारास आहे. घरात बसवेना. बांधीवर गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या मशीनजवळ बसलो. टक, टक. धनेंद्रने सांगितले होते की साधारण एका सेकंदाला एक. पाच टक मोजले. फार नसतात. परत मोजले. मग वाटले, फार असतात. पाच टकात डुक्कर पार नाल्यापलीकडे जाते. सोनिकाला तर जागेवरच उभे राहायचे आहे.

धनवंता मागून आली आणि बाजूला बसली. डब्यातून टक टक येत राहिले. धान वाऱ्याने वाकत होता. बऱ्याच वेळाने म्हणाली, "झालं असन आता."

संध्याकाळी फोन आला. रविवार नसतानाही दिला, चांगली माणसे आहेत. मी विचारायच्या आधीच म्हणाली, "आबाजी, काही नाही वाटलं! गमबूट कामी आले!"

मी अंगणातच नाचलो. खोटे कशाला लिहू. धोतर सावरत नाचलो. धनेंद्रने पाहिले, रविताने पाहिले, शेजारच्या जागेश्वरने पाहिले.

तिचा आवाज बसलेला होता. विचारले तर म्हणाली, परेडमध्ये ओरडावे लागते. बसताना आई गं म्हणाली, तेही ऐकले. म्हणाली, पोटऱ्या दुखतात, काल जास्त पळवले. रत्नपालने गरम पाणी आणून दिले. हा रत्नपाल पाण्याचेही बघतो.

१८ ऑक्टोबर

गावात सगळ्यांना सांगितले. सांगायला नको होते काय? पण एवढी गोष्ट पोटात राहत नाही. सरकारी बंदूक माझ्या गमबुटाने हरली. चहाच्या टपरीवर मला बाकावर मधोमध जागा मिळते.

जागेश्वर म्हणाला, "दादा, तुमी शास्त्रज्ञ व्हायले पाह्यजे होते."

मी म्हटले, सातवीच्या पुढे शाळा गावात नव्हती.

भरतीची तयारी करणारी तीन पोरे भैयाजीकडून गमबूट घेऊन गेली. भैयाजीने मला फुकट चहा आणि समोसा दिला.

२१ ऑक्टोबर

एक वाईट विचार आला आहे. दोन दिवस जेवण जात नाही.

मी गावभर सांगितले की या बंदुकीवर गमबूट हा उपाय आहे. हे चोरांना कळले तर? दरोडेखोर गमबूट घालून आले तर? सोनिका त्यांच्यासमोर बंदूक धरून उभी, ती चाप ओढते, आणि समोरचा गमबुटात हसत उभा. आणि हे सगळे कोणामुळे? तिच्या आजामुळे.

टपरीवर जाऊन सगळ्यांना सांगितले की गमबुटाची गोष्ट कोणाला सांगू नका. जागेश्वर म्हणाला, "दादा, मी तर अर्जुनीले पाहुन्यायले सांगून बसलो."

अर्जुनीला म्हणजे तालुक्याला. आता जिल्हा किती लांब.

२७ ऑक्टोबर, रविवार

सोनिकाला सगळे खरे सांगितले. म्हटले, तुझ्या मोठ्या साहेबाला सांग की बंदुकीत ही एक खोट आहे, दुरुस्त करून घ्या. माझे नाव सांग, मी भोगीन काय ते.

ती इतकी हसली की तिला खोकला आला. म्हणाली, "साहेबाले मालूम हाये आबाजी. तुमी जेवा."

"मालूम हाये तरी काही करत नाही?"

"मंडईले येऊन राहिली मी. सुटी भेटली. तेव्हा बोलू." मग हळूच म्हणाली, "आबाजी, रत्नपाललेही मंडई पाहायची हाये. आनू काय?"

मी म्हटले, नवेगावबांधाकडे मंडई भरत नाही काय?

"भरते. पन आपली मोठी हाये."

हे खरे आहे. आमच्या गावच्या मंडईची जत्रा या भागात मोठीच. दिवाळीनंतर घरोघरी पाहुणे येतात, दुकाने लागतात, दंडार म्हणजे नाचगाण्याचे नाटक होते. त्याला यायचे असेल तर येऊ दे. गमबुटाच्या वेळी तो तिथे होता, साक्षीदार म्हणून कामी येईल.

धनवंताला सांगितले तर तिने विचारले, "काय खाते तो?"

१ नोव्हेंबर, दिवाळी

दिवे लावले. नातीविना घर रिकामे वाटते. धनवंता मात्र चिवडा वेगळ्या डब्यात भरून ठेवते आहे, कोणाला हात लावू देत नाही.

७ नोव्हेंबर

आली! वाळली आहे, काळवंडली आहे, पण डोळ्यांत तेज आहे. पाया पडली तेव्हा मी तिचे हात, मान, कपाळ सगळे तपासून पाहिले. म्हणाली, "बाजारातल्या बैलावानी कायले पाहता आबाजी?"

तिच्यामागे रत्नपाल. खरेच उंच आहे, दारातून वाकून आत आला. "जय भीम, आबाजी," म्हणाला. मी राम राम म्हटले. मग परत म्हटले, "जय भीम," कारण पाहुण्याने जे दिले ते परत द्यावे असे वाटले. तो एकदम हसला. हसू छान आहे.

माझ्या बापाच्या काळी त्याला ओसरीवरच चहा मिळाला असता, तोही वेगळ्या कपात. धनवंता त्याला सरळ आत घेऊन गेली आणि चुलीजवळ पाट टाकला. मी दाराकडे पाहिले, भाऊकीतले कोणी बघते काय. कोणी नव्हते. मग वाटले, असते तरी काय. आपल्या नातीला ज्याने पडू दिले नाही, त्याने ओसरीवर बसायचे काय?

त्याने चिवडा तीनदा घेतला. धनवंता खूश.

८ नोव्हेंबर, मंडई

सकाळपासून पाहुणे. दुपारी मंडईत गेलो. दंडारीचा ढोल, फुगे, जिलेबी, पाळणा. सोनिका, रत्नपाल आणि मी. रत्नपालने माझ्यासाठी गर्दीत वाट केली. पाळण्यात ते दोघे बसले. मला म्हणाले चला, मी म्हटले मला चक्कर येते. बरे झाले नाही बसलो. खालून बघायलाच जास्त मजा आली. पाळणा वर गेला की सोनिका ओरडायची आणि त्याचा हात धरायची. जी पोरगी झटक्याला घाबरली नाही ती पाळण्याला घाबरते!

तिथेच जिलेबीच्या दुकानाजवळ जागेश्वर भेटला. पायात नवे गमबूट. मंडईत! अभिमानाने म्हणाला, "आता मी घरची लाइन सोता दुरुस्त करतो. वायरमन कायले पाह्यजे? गमबूट हाये ना."

रत्नपालच्या चेहऱ्यावरचे हसू गेले. त्याने सोनिकाकडे पाहिले. सोनिका मान हलवून नको नको म्हणत होती. तरी तो बोललाच.

"काका, घरच्या लाइनीले हात लावू नका. गमबूट घातले तरी नाही. मरान." मग माझ्याकडे वळला. "आबाजी, माफ करा. मले सांगायलेच लागते. तुमच्या गमबुटानं झटका थांबला नाही."

ढोल चालू होता तरी मला सगळे शांत झाल्यासारखे वाटले.

दुकानामागच्या बाकावर बसून त्याने समजावले. कुंपणाच्या तारेचा करंट पायातून जमिनीत जातो, म्हणून तिथे गमबूट कामी येतात. या बंदुकीला जमीन लागत नाही. तिचे दोन काटे असतात. एकातून करंट अंगात जातो आणि दुसऱ्यातून परत बंदुकीत जातो. माणूस झाडावर टांगला तरी झटका तेवढाच. सोनिकाने पहिल्याच दिवशी दोन काटे सांगितले होते. माझे लक्ष नव्हते.

मी सोनिकाला विचारले, "म्हंजे तुले लागला?"

ती म्हणाली, "लागला."

"अन् तू म्हनालीस काही नाही वाटलं."

"तुमी लय घोर करत होते आबाजी."

रत्नपाल म्हणाला, व्हिडिओ काढला आहे; मी म्हटले, दाखव. तिला दाखवायचा नव्हता, पण मी हात पुढे करून बसलो. मोठे मैदान. खाली जाड गादी. माझी सोनिका, अंगावर वर्दी, आणि पायात काळे गमबूट. बाकी सगळ्यांच्या पायात कॅनव्हासचे बूट. एका बाजूला ठेंगणी रीना, दुसऱ्या बाजूला हा. कोणीतरी म्हणाले, "पकड़ के रखना." मग ती ताठ झाली. लाकडासारखी. मान मागे, दात आवळलेले, आणि घशातून एक लांब आवाज. मी नकळत मोजत होतो. टक, टक, टक, टक, टक. दोघांनी तिला हळूच गादीवर निजवले. मला वाटले, आता उठत नाही. पण ती लगेच उठून बसली, जणू काही झालेच नाही. धापा टाकत हसली. आणि मग तिने एक पाय उचलून गमबूट कॅमेऱ्याला दाखवला.

मैदानभर टाळ्या.

माझ्या डोळ्यांना धार लागली. म्हटले, "सगळे हसले असन तुले. बुढ्यानं पाठवलेलं कायले घातलं?"

सोनिका म्हणाली, "उस्तादनं इचारलं, ये क्या है. मी सांगितलं, माझ्या आजानं पाठवले. ते बराच वेळ पाहत रायले न म्हनाले, पहन लो."

रत्नपाल म्हणाला, "आबाजी, झटक्याच्या आधी अर्धा तास लाइनीत उभं ठेवतेत. पुढच्याले पडताना पाहावं लागते. ते सगळ्यात बेकार. हिचे हात कापून रायले होते. मंग हिनं बॅगेतून तुमचे गमबूट काहाडले, त्याच्यातल्या चिंध्या पायानं पुढं सारल्या, घातले, अन् हसाले लागली. मंग नाही कापले. त्या पाच सेकंदाचं तुमी काही करू शकले नाही. पन अर्ध्या तासाचं केलं."

मी जागेश्वरला हाक मारली आणि सगळ्यांसमोर सांगितले की माझे चुकले, लाइनीला हात लावू नको. तो म्हणाला, "मंग गमबुटाचं काय करू?" मी म्हटले, चिखलात घाल. त्याच्यासाठीच असतात.

जिलेबी घेतली. सगळ्यांना घेतली. आणि एक मोठी काळजी गेली की चोरांनी गमबूट घातले तरी माझ्या नातीचे काही बिघडत नाही. हे आधी सांगितले असते तर दोन दिवसांचे जेवण वाया गेले नसते.

९ नोव्हेंबर

आज मी एक गोष्ट केली.

सकाळी तिघे बांधीवर गेलो. मागून धनवंता आणि धनेंद्र. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, दव होते. मी म्हटले, मला झटका घ्यायचा आहे. ज्या गोष्टीने माझ्या नातीला पाडले ती मला माहीत पाहिजे.

एकच गोंधळ. धनवंता म्हणाली, "बुढ्याले मंडई चढली." सोनिका कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली. "आधी डॉक्टर. छातीची पट्टी. मंग झटका. तसाच नेम हाये. तुमाले बीपी हाये, तुमी नापास." आता ती खरेच उस्तादासारखी बोलते. कोर्स पास झाली, जानेवारीपासून तिथेच शिकवणार. हे तिने काल जेवताना सांगितले आणि मी आनंदात लिहायलाच विसरलो.

शेवटी तडजोड झाली. गवताची काडी. धनेंद्रने सर्वांत लांब काडी शोधून आणली. मी चपला काढल्या. सोनिकाने उजवा दंड धरला, रत्नपालने डावा.

"इतकं कायले धरता? काडीच हाये," धनेंद्र म्हणाला.

"नेम म्हंजे नेम," रत्नपाल म्हणाला.

डोळे मिटले. काडी टेकवली. टक. बोटात एक मुंगी चावली. टक. मनगटापर्यंत दोन मुंग्या. मी पाचपर्यंत धरून ठेवली आणि मग मोठ्याने ओरडलो. दुखले म्हणून नाही, ओरडायचे राहिले असे वाटले म्हणून. सगळे हसले. मीही हसलो. इतकी वर्षे, म्हणजे दोन महिने, मी त्या डब्याला घाबरत होतो.

परत येताना धुरा निसरडा होता. रत्नपालने माझा दंड घरापर्यंत सोडला नाही. धुऱ्यावर चालण्यासाठी त्याला सोनिकाने ते गमबूट दिले होते, बॅगेत परत आणले होते तिने. चिंध्या काढल्या तर त्याच्या पायात अगदी मापाचे बसले. सुतळी सोनिकाच्या चपलेची आणि बूट निघाले याच्या मापाचे! मी म्हटले, "तुमच्याकडेच राहू द्या. घरातलेच हाये."

तो थांबला. म्हणाला, "नक्की, आबाजी?"

"त्यात काय इचारता? न पोरा, तुमची पकड चांगली हाये. अशी पकड सोडू नये. दर मंडईले येत जा."

तो लगेच हो म्हणाला. सुटी मिळेल काय, काही विचार नाही. सोनिका धानाकडे बघत राहिली. कान लाल झाले होते. नोव्हेंबरचे ऊनही आता लागते म्हणायचे.

घरी आल्यावर धनवंताने विचारले, "कळलं काय काही तुमाले?"

मी म्हटले, कळले. करंट एका काट्यातून जातो आणि दुसऱ्यातून परत येतो. दोन्ही पाहिजेत.

तिने कपाळावर हात मारला आणि हसत हसत आत गेली.

आता दुपार आहे. दारात चिखलाचे गमबूट सोनिकाच्या चपलांना खेटून उभे आहेत. वाटेत येतात म्हणून मी बाजूला ठेवायला गेलो. धनवंता आतून ओरडली, "राहू द्या तसेच!"

राहू दिले.